काचेच्या तारेचे साहेब

साहेब ज्या रस्त्याने जात त्या रस्त्याने परत येत नसत. शहापूरहून मुरबाडला सरळ रस्त्याने गेले, तर येताना सरळगाव आणि किन्हवलीवरून लांबचा फेरा घालून येणार. त्यासाठी एस.टी. बदलावी लागली, मधला तुकडा जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून काढावा लागला, तरी त्यांना चालायचं. ऑफिससमोरच्या टपरीवर चहा प्यायला जातानासुद्धा ते फाटकातून जात आणि येताना कंपाउंडच्या पडक्या कोपऱ्यातून, पँटचे पाय वर धरून, आत येत. मी नवीन होते. मला वाटलं, साहेबांना ज्योतिषाने कसला तरी दोष टाळायला सांगितलाय. एके दिवशी धीर करून विचारलं.

"तसलं काय नाय गो," ते म्हणाले. "एक वाट बंद झाली तर दुसरी कुठून हाय, ते बघून ठेवतो. चालल्याबिगर कसं कळंल?"

टपरी ऑफिसपासून तीस पावलांवर होती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी किन्हवलीच्या बौद्धवाडीतली, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. इंजिनिअरिंग करून टेलिफोन खात्याची परीक्षा पास झाले आणि नेमणूक घरापासून एस.टी.च्या अंतरावर, शहापूरलाच मिळाली. वाडीतली पहिली इंजिनिअर म्हणून विहारात माझा सत्कार झाला होता, आणि त्या हाराचा वास अजून डोक्यातून गेला नव्हता. पहिल्या दिवशी मी प्रमाणपत्रांची फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"चालायला येतं का?"

"म्हणजे?"

"चालायला. पायांनी."

"येतं."

"मग बस."

साहेब मूळचे मुरबाडकडचे. उंच, काटक, उन्हाने रापलेले, पन्नाशीच्या पुढचे. तारा ओढणाऱ्या लाइनमनपासून सुरुवात करून, परीक्षा देत देत ते अभियंता झाले होते. त्या काळी आमच्या भागातल्या फोनची बोलणी तांब्याच्या तारांवरून आणि मनोऱ्यांवरच्या रेडिओवरून जात, आणि अर्ध्या वाक्यात बुडत. आता खातं जमिनीत ऑप्टिकल फायबर टाकणार होतं. केसाएवढा काचेचा धागा, त्यातून उजेड सोडायचा, आणि त्या उजेडाच्या उघडझापीवर हजारो माणसांचं बोलणं एकदम न्यायचं. साहेब फायबर म्हणत नसत, 'काचेची तार' म्हणत. दोन्ही तालुक्यांत ही तार कुठून न्यायची, तिच्यात किती धागे ठेवायचे, कुठलं गाव कशाला जोडायचं, हे सगळं आखण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या हाताखाली मी.

आखणी म्हणजे टेबलावर बसून करायचं काम, असं मी कॉलेजात शिकले होते. साहेबांची निम्मी आखणी लोकांच्या ओट्यांवर बसून व्हायची. गावात शिरले की ते आधी म्हाताऱ्या बायका कुठे बसल्यात ते बघत. तिथे जाऊन टेकत, पाणी मागत, आणि विचारत, "इथं पुढं दहा वर्षांत कोण खणेल?"

बायका चक्रावत. मग हळूहळू बोलू लागत. या कडेने नळपाणी येणार म्हणतात. त्या वळणावर देवळाचा सभामंडप वाढवायचाय. पलीकडे दोन भावांचा बांधावरून वाद आहे, आज ना उद्या कुदळ पडणारच. साहेब सगळं टिपून घेत.

"तार दगडानं तुटत नाय," ते मला म्हणायचे. "पाण्यानं कुजत नाय. तिला मारतो माणूस, खणताना. म्हणून जमीन नंतर बघायची. आधी माणसं बघायची."

टिपायचे ते लग्नपत्रिकांच्या मागे. अर्ध्या तालुक्याच्या घरांत फोन बसवताना ते स्वतः गेलेले, त्यामुळे लग्नसराईत टेबलावर पत्रिकांची चळत लागायची. कागद जाड, मागची बाजू कोरी, पावसात लवकर भिजत नाही. आमच्या भागाच्या जाळ्याचा सगळा आराखडा अशा कागदांवर होता. एका बाजूला एक्स्चेंज, जोड, पूल, ओढे. दुसऱ्या बाजूला गणपती, मुहूर्त आणि आहेर न आणण्याची विनंती. फाइल उघडली की हळदकुंकवाचे डाग हाताला लागत.

एक शब्द त्यांना सहन होत नसे, 'पुरेल'. खात्याच्या नमुना आराखड्यात शहापूर ते मुरबाड सरळ रस्त्याने एकच तार होती आणि तिच्यात सहा धागे. साहेबांना चोवीस हवे होते. आणि नुसती सरळ तार त्यांना नकोच होती, वेढा हवा होता. शहापूर-मुरबाड सरळ रस्त्याने एक, आणि किन्हवली-सरळगाववरून फिरून दुसरी, दोन्ही टोकांना जोडून पूर्ण वर्तुळ. एका बाजूने तुटलं तर उजेड आपोआप उलट्या बाजूने फिरून जाईल आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

कल्याणच्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिथले सगळे इंग्रजीत बोलत होते. साहेबांनी पाठीवरच्या पिशवीतून पत्रिका काढून मोठ्या साहेबांपुढे ठेवली. मोठे साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, गोरेपान, हळू बोलणारे. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला.

"हे चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कोण?"

"ती माजी पुतणी साहेब. नकाशा मागं हाय."

सगळे हसले. साहेबही हसले. मग मोठ्या साहेबांनी नकाशा नीट बघितला आणि मान हलवली. "कल्पना चांगली आहे. पण तुमच्याकडे फोन किती, गावं किती लहान. सहा धागे तुम्हाला सहज पुरतील."

"पुरेल हा शब्द भात वाढताना बोलायचा साहेब," आमचे साहेब उभे राहून म्हणाले. "जाळं आखताना नाय. आज फोन हाय. उद्या बँका येतील, कॉम्प्युटर येतील, शाळेतली पोरं येतील. एकेका धाग्यातून सात रंगांचे उजेड एकदम सोडायची सोय व्हणार हाय, असं मी वाचलंय. चर एकदा खणायचा असतो. त्यात धागे किती, ते पोरांच्या हिशोबानं ठरवायचे. आपल्या नाय."

धागे चोवीस मंजूर झाले. वेढा झाला नाही. साहेबांनी पत्रिका घडी न घालता पिशवीत ठेवली. परतताना आम्ही टिटवाळ्याला उतरून भलत्याच गावाच्या जीपने शहापूरला आलो. वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत. हरलेत म्हणून गप्प आहेत असं मला वाटत होतं. मग लक्षात आलं, ते रस्त्याखालच्या, पाणी जायच्या मोऱ्या मोजत होते.

मुरबाडला त्यांच्या घरी मी बऱ्याचदा जेवायला असे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी जुन्या मुरबाड एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डोक्याला फोन लावून, फलकावर हाताने पिना खोचून लोकांची बोलणी जोडून देण्याचं काम त्यांनी कितीतरी वर्षं केलं. साहेब तेव्हा तिथेच तार दुरुस्तीला होते. लग्न त्या फलकासमोरच ठरलं, असं काकू सांगत. त्यांचा कान असा तयार झालेला, की पलीकडच्या घरातल्या रेडिओचा आवाज किंचित बसला तरी त्यांना कळे.

"एकदा," काकू मला भाकरी वाढताना म्हणाल्या, "एक बाई सकाळपास्नं एक्स्चेंजच्या बाकावर बसलेली. मुलगा कल्याणला इस्पितळात. लाइन एकच, ती पडलेली. मी दर घटकेला सांगायची, थांबा, थांबा. शेवटची गाडी धरायला ती उठून गेली आणि मागं लाइन लागली. मुलगा बरा हाय, एवढंच सांगायचं व्हतं. मी हेडफोन टाकून एस.टी. स्टँडपर्यंत पळत गेले."

"मिळाली ती?"

"मिळाली. गाडी सुटताना खिडकीतून सांगितलं."

"म्हणून साहेब असे झाले? दुसरा रस्ता, दुसरा रस्ता म्हणून?"

"छे गो," काकू हसल्या. "ते पहिल्यापास्नं असेच. लग्नाच्या वरातीला पण येताना वेगळ्या गल्लीनं आणलं आम्हांला. वाजंत्रीवाले चुकले."

सरळ रस्त्याची तार पडली, चालू झाली, आवाज सुधारले, सगळे खूश झाले. पुढच्याच वर्षी एका मोरीच्या कामात यंत्राच्या एका फटक्याने ती तुटली. तुटली त्या जागी चर पाण्याने भरलेला, जोडायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस मुरबाडहून बाहेर एक फोन लागत नव्हता. तिथल्या दवाखान्यात एक बाळंतीण अडली होती, रक्त हवं होतं. डॉक्टरांनी फोन उचलला, ठेवला, आणि जीपने माणूस कल्याणला पिटाळला. रक्त वेळेत आलं, बाई वाचली, मुलगीही वाचली. पण ही गोष्ट वर्तमानपत्रात आली, आणि मोठ्या साहेबांचा आमच्या साहेबांना निरोप आला. ती पत्रिका घेऊन या.

वेढा मंजूर झाला. साहेबांनी आनंद कसलाही दाखवला नाही. फक्त मला बोलावून म्हणाले, "किन्हवली ते नदीपर्यंतचा तुकडा तुजा. तुजं गाव हाय. चालून ये."

तो तुकडा मी चालले. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते, भाताचे पेंढे उभे होते, हवा छान होती. मी दर वळण टिपलं, दर ओढा मापला. नदीच्या अलीकडे एक कातकरी वाडी लागली. दारं बाहेरून काटक्या लावून बंद. चिटपाखरू नाही. वाडीच्या मागे करंजाच्या झाडांखाली मोकळी जमीन होती, गवतात इथेतिथे दगड. तिथून तार नेली तर मोठं वळण वाचत होतं. मी पाहणीच्या तक्त्यात लिहिलं, 'पडीक'.

खोदाई सुरू झाली आणि पंधराव्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम ऑफिसात आला. काम बंद आहे म्हणाला. एक म्हातारी चराच्या आखलेल्या रेघेवर येऊन बसली आहे, उठत नाही. "पोलीस बोलवू का साहेब?"

साहेबांनी माझा तक्ता काढला, 'पडीक' वाचलं, आणि चप्पल पायात घातली.

जीपमध्ये ते पुढे बसले होते, मी मागे. मागे न बघता त्यांनी विचारलं, "पडीक लिवलंस. कुणाला विचारून?"

"विचारायला कुणी नव्हतं साहेब. वाडी बंद होती."

"मग तसं लिवायचं. विचारायला कुणी नव्हतं, असं."

मला त्या वेळी जे झालं ते आजही आठवतं. दिवाळीनंतर वाडीतली माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच भागातली. माझी स्वतःची वाडी गावाच्या कडेला. आमच्या वाडीच्या जमिनीवर कुणी न विचारता 'पडीक' लिहिलं असतं तर वडिलांनी काय केलं असतं, हेही मला माहीत होतं. तरी मी लिहिलं होतं, सुंदर अक्षरात.

म्हातारी करंजाखाली बसली होती, काठी आडवी मांडीवर. बाजूला दोन शेळ्या. पायाला सूज आली म्हणून ती भट्टीवरून लवकर परतली होती. साहेब तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मी उभी होते, त्यांनी हाताने खुणावलं तशी मीही बसले.

"आजी, कुठवर हायत?"

"काय कुठवर?"

"तुमची माणसं."

म्हातारीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग काठीने दाखवलं. "इथं माजी सासू. तिकडं माजा पोर. त्या दगडाच्या अंगाला धाकटी जाव."

"आणि बाकीची?"

"बाकीच्यांची बाकीच्यांना ठावं. मी कशी सांगू?"

"ज्यांना ठावं ती कुठं हायत आता?"

"भट्टीवर."

साहेबांनी मुकादमाला काम थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून आम्ही भट्ट्यांकडे निघालो. पडघ्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, धुरात माणसं विटा थापत होती. तीन भट्ट्या फिरलो, दोन दिवस लागले. म्हातारी हाक मारायची, बायका-पुरुष चिखलाच्या हातांनी जमायचे. साहेब पत्रिकेच्या पाठीवर करंजाची झाडं, ओढा आणि म्हातारीचे दगड काढून दाखवत आणि विचारत, तुमची कुठं? आधी कुणी बोललं नाही. खात्याचा माणूस भट्टीवर येऊन मेलेल्यांची जागा विचारतो, याचा अर्थ त्यांना लागेना. मग एका बाईने पुढे होऊन कागदावर बोट टेकवलं. "आमचा आजा इथं." विटेच्या मातीचा ठसा उमटला. तिच्या मागून दुसरी आली, मग पुरुष आले. संध्याकाळपर्यंत कागद ठशांनी भरला. मी ठशांना आकडे घालत होते आणि वहीत कुणाचं कोण ते लिहीत होते. माझं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं.

एका तरुणाने विचारलं, "आता काय करनार, साहेब?"

"वळसा घालनार," साहेब म्हणाले.

ठेकेदाराने तक्रार केली. वरून खुलासा मागवला गेला, पाहणीत चूक कुणाची. साहेबांनी लिहून दिलं, 'आखणी माझी, चूक माझी.' मला ते कारकुनाकडून कळलं. मी माझा खुलासा लिहिला, 'पडीक हा शब्द माझा आहे,' आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी वाचला. फाडतील असं वाटलं. पण त्यांनी दोन्ही कागदांना एकच टाचणी लावली आणि पाठवून दिले. पुढे काही झालं नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. वळशामुळे तार लांबली आणि ड्रमवर गुंडाळून येणारी ठरावीक लांबी अपुरी पडू लागली. म्हणजे मध्ये एक जोड वाढणार. काचेचे दोन धागे वितळवून जोडतात, तिथे थोडासा उजेड सांडतो. साहेबांचा शब्द, 'सांडतो'. त्या वेळच्या यंत्रांना तेवढ्याने काही फरक पडत नव्हता. पण साहेबांच्या डोक्यात सात रंगांचे उजेड होते. तेव्हा हा सांडलेला थेंब महागात पडेल, असं ते म्हणत.

चार दिवस आम्ही ऑफिसच्या फरशीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या मांडत होतो, एक पट्टी म्हणजे एक ड्रम. साहेब गुडघ्यांवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दर मांडणीत एक जोड जास्तच येत होता. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं, की आम्ही दर वेळी किन्हवलीच्या एक्स्चेंजपासून पट्ट्या लावायला सुरुवात करतोय, कारण नकाशा तिथून सुरू होतो. मी पहिली पट्टी नदीच्या पुलापासून लावली, दोन्ही बाजूंनी. जास्तीचा जोड एक्स्चेंजच्या आतच आला, जिथे जोड असतोच.

साहेबांनी पुलापासून एक्स्चेंजपर्यंतच्या पट्ट्या बोटाने मोजल्या. "हं," म्हणाले. मग उठले, आराखड्याच्या कोपऱ्यात जिथे 'आखणी' असं छापलेलं असतं, तिथे स्वतःच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि चहा सांगायला निघून गेले. त्या कोपऱ्याची झेरॉक्स वडिलांनी पुढे कितीतरी वर्षं शाळेच्या टाचणवहीत ठेवली होती.

वेढा पुरा झाला त्या दिवशी चाचणी होती. कल्याणहून दोन तपासणी अधिकारी आले होते. मी शहापूरच्या यंत्रांच्या खोलीत फोनवर, मुरबाडला काकू. साहेबांनी मुद्दाम काकूंना घेतलं होतं. मी बोलत राहायचं, साहेब मधेच सरळ रस्त्याच्या तारेचं टोक यंत्रातून उपसणार, आणि उजेडाने पापणी लवायच्या आत उलट्या बाजूने किन्हवलीवरून फिरून मुरबाडला पोचायचं.

काकू शेजारच्या मांजरीबद्दल सांगत होत्या. साहेबांनी बोट वर केलं आणि टोक उपसलं. 

"...आणि दुधावरची साय बरोब्बर खाल्ली, दूध तसंच. हाय का नाय शहाणी?"

साहेबांनी माझ्या हातून फोन घेतला. "काय ऐकू आलं?"

"टिक झाली."

"कधी?"

"आत्ता. मी साय म्हणाले तेव्हा."

साहेबांचा चेहरा उतरला. तपासणी अधिकारी यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "इथे सगळं मर्यादेत आहे. आम्ही सही करतो. घरच्या माणसाच्या कानावर काय जाता?"

"यंत्र आत्ता आलंय," साहेब म्हणाले. "ह्या बाईनं आयुष्यभर लोकांची बोलणी जोडलीत. सही नका करू."

अधिकारी वैतागले, पण थांबले. साहेबांनी एकेक तपासलं. शहापूर ठीक, किन्हवली ठीक. मग जीप काढून आम्ही सरळगावला गेलो. तिथल्या यंत्रात सर्किटचं एक कार्ड पुरतं बसलेलं नव्हतं. बाहेरून दिसत नव्हतं, बोटाने दाबल्यावर किंचित आत गेलं. बस्स, एवढंच. परत शहापूरला येईपर्यंत उन्हं कलली होती. अधिकारी टपरीवरचा तिसरा चहा पीत होते. मी पुन्हा फोन लावला, काकू पुन्हा मांजरीवर आल्या, साहेबांनी पुन्हा टोक उपसलं.

"बोला की," काकू म्हणाल्या, "गप का झालात सगळे?"

"काय ऐकू आलं?" साहेबांनी विचारलं. त्यांनी फोन पुन्हा माझ्या हातून घेतला होता.

"काय ऐकू यायला पायजे व्हतं?"

"काय नाय."

"मग काय नाय आलं."

साहेबांनी फोन माझ्या हातात दिला आणि खोलीच्या मागच्या दाराने बाहेर गेले. मी बघायला गेले नाही. काकूंनी मला विचारलं, "रडतायत का गो?" मी म्हणाले, माहीत नाही. "रडू दे," त्या म्हणाल्या, आणि मांजरीचं उरलेलं सांगितलं.

त्यानंतर वर्षभराने, साहेब निवृत्त व्हायच्या थोडं आधी, कल्याणला महिन्याची बैठक होती. एकेका ऑफिसचा माणूस उठून आपापल्या भागात किती फोन किती वेळ बंद पडले ते सांगत होता. कुठे वादळ, कुठे चोरी, कुठे यंत्रं जळालेली. आमची पाळी आली. साहेब उभे राहिले.

"शहापूर-मुरबाड. सेवा बंद पडल्याच्या तक्रारी निरंक."

मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "निरंक? अहो, मागच्या आठवड्यात तुमची केबल रस्त्याच्या कामात तुटल्याचा अहवाल माझ्यासमोर आहे."

"तुटली व्हती साहेब. सकाळी तुटली, संध्याकाळी जोडली."

"आणि एकही तक्रार नाही?"

"कुणाला कळलंच नाय."

 मोठ्या साहेबांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या ऑफिसचं नाव घेतलं. आमचे साहेब खाली बसले. टेबलाखाली चपला काढल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटले. पुढचा माणूस आपले बिघाड मोजत होता. मला वाटलं साहेबांना झोप लागली. जागं करावं म्हणून वाकून बघितलं, तर ते हसत होते.